गाडीतल्या घराचं छत रोज पहाटे ओलं: गळती शोधण्याआधी एक रात्र गाडी रिकामी ठेवा

तक्रार अशी. रात्री झोपताना छत कोरडं असतं. पहाटे चार-पाचच्या सुमाराला टप्पकन थेंब पडतो, कधी कपाळावर, कधी पायाशी. उजाडल्यावर बघावं तर छताच्या पॅनेलवर ओळीने थेंब धरलेले, पुढची काच आतून डबडबलेली, गादीची खालची बाजू दमट आणि प्रत्येक स्क्रूभोवती चहाच्या डागासारखं वर्तुळ. वर चढून सिलिकॉन मारलं की तीन-चार दिवस बरे जातात, आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आमच्या गाडीत हे डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत चाललं. गाडी जुनी फोर्स ट्रॅव्हलर मिनीबस, आधी शाळेच्या मुलांना ने-आण करणारी. ही गाडी इंदूरच्या शेजारी पीथमपुरातच बनते, त्यामुळे तिचे सुटे भाग आणि तिच्यावर हात बसलेले डेंटर (पत्र्याचं काम करणारे) इथे सहज मिळतात, म्हणून आम्ही तीच घेतली. आतलं काम मात्र आम्ही दोघांनी स्वतः केलं, नवऱ्याने आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा. तीन महिन्यांत छतावर सिलिकॉनच्या अकरा नळ्या संपल्या. थंडीतल्या त्या थेंबांसाठी त्यातल्या एकाही नळीची गरज नव्हती, हे कळायला फेब्रुवारी उजाडला. तुमचे तीन महिने वाचावेत म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

गाडी आम्ही इंदुरात रामबागेत आत्याच्या घरासमोर लावायचो. एका सकाळी ओली गादी उन्हात टाकायला ती मला हात देत होती. म्हणाली, "अगं, गळतंय गळतंय म्हणतेस, पण दिवाळीपासून पाऊस पडलाय कुठे?" मी म्हटलं, दव पडतं ना आत्या, ते फटीतून आत येत असेल. ती म्हणाली, "दवाने घर गळताना मी तरी पाहिलं नाही." त्या रात्री आम्ही घरात झोपलो. गाडीच्या काचा बंद करून, दार लावून ती तशीच रिकामी ठेवली. सकाळी उघडली तर छत कोरडं. बाहेरून पत्रा दवाने निथळत होता, आत मात्र बोट फिरवून ओल लागली नाही.

म्हणजे पाणी आम्हीच आत नेत होतो.

मग सिलिकॉन मारल्यावर तीन-चार दिवस बरं का वाटायचं? तो उलगडाही त्याच दिवशी झाला. साधं सिलिकॉन वाळताना व्हिनेगरसारखा उग्र वास येतो. त्या वासामुळे आम्ही प्रत्येक वेळी तीन-चार रात्री काचा उघड्या ठेवून झोपत होतो. गुण सिलिकॉनचा नव्हता, उघड्या काचांचा होता. वास गेला की काचा बंद, आणि पुन्हा थेंब.

हे पाणी येतं कुठून, याचा हिशेब एकदा नीट मांडला की पुढचे सगळे उपाय आपोआप सुचतात. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण 40 ग्रॅम पाणी हवेत सोडतो. दोन माणसं, आठ तास, म्हणजे सहाशे ग्रॅमच्या पुढे. त्यात गॅस. एलपीजी जळताना तिच्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं, आणि ते जळलेल्या गॅसपेक्षा वजनाने जास्त भरतं: 100 ग्रॅम गॅस जळला की जवळजवळ 160 ग्रॅम वाफ. भाताची, चहाची वाफ वेगळी. ओला टॉवेल दोरीवर टाकला असेल तर तीही भर. आता हे सगळं मावायचं कशात? आमच्या गाडीची आतली जागा साधारण 10 घनमीटर. 20 अंशांची हवा एका घनमीटरमागे 17 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात धरते, 10 अंशांची हवा फक्त साडेनऊ ग्रॅम. म्हणजे इंदूरच्या जानेवारीतल्या पहाटे 10 अंशांपर्यंत गार झाली तर आमच्या अख्ख्या गाडीतली हवा 100 ग्रॅमसुद्धा पाणी धरू शकत नव्हती, आणि आम्ही तिच्यात अर्ध्या लिटरहून जास्त ओतत होतो. उरलेलं पाणी सर्वात गार पृष्ठभाग शोधून तिथे बसणारच.

तो सर्वात गार पृष्ठभाग म्हणजे छताचा पत्रा. निरभ्र रात्री पत्रा उघड्या आकाशाकडे उष्णता सोडत राहतो आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतो. म्हणून ढगाळ रात्री आमचं छत कमी ओलं असायचं आणि चांदण्या लख्ख दिसणाऱ्या रात्री जास्त. मांडूला जानेवारीत उघड्या माळावर गाडी लावली तेव्हा सगळ्यात वाईट हाल झाले. आत्याच्या दारातल्या कडुनिंबाखाली लावली की निम्म्याने कमी. आम्ही ह्या फरकाला नशीब समजत होतो.

आत 18 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असेल तर साडेचौदा अंशांहून गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी धरतं. पत्रा, काचेची चौकट, स्क्रूचं डोकं, दाराची कडी, सगळं त्यात आलं. शंभर-दोनशे रुपयांना तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारं छोटं यंत्र मिळतं. सिलिकॉनच्या पहिल्या नळीऐवजी ते घ्या आणि उशाशी ठेवा. रात्री अकराला आमच्याकडे 58 टक्के दिसायचं, पहाटे चारला 91.

थेंब कुठला, हे कसं ओळखायचं

रिकाम्या रात्रीची परीक्षा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खरी. पाऊस नसताना रिकामी गाडी कोरडी राहिली आणि माणसं झोपल्यावर ओली झाली, तर ते तुमच्याच श्वासाचं पाणी. पाऊस पडून गेल्यावर रिकामी गाडीही ओली सापडली, तर गळती. दोन्ही झालं तर दोन्ही आहे, आणि तसं होऊ शकतं. आमच्या बाबतीत जुलैत तेच निघालं.

थेंबांची मांडणीही बरंच सांगते. श्वासाचं पाणी ओळीत धरतं, कारण छताच्या आतल्या आडव्या पट्ट्या पत्र्याला जोडलेल्या असतात आणि बाहेरचा गारवा थेट आत आणतात. पॅनेल त्या पट्ट्यांवर स्क्रूने ठोकलेलं असेल तर प्रत्येक स्क्रू हा गारव्याचा एक खिळाच. टॉर्च आडवी धरून पाहिली तेव्हा आमच्या छतावर थेंबांच्या चार सरळ रेषा दिसल्या, बरोबर चार पट्ट्यांखाली, आणि रेषेतले मोठे थेंब स्क्रूंच्या डोक्यांवर लोंबत होते. गळतीचं पाणी असं शिस्तीत बसत नाही. ते एका जागी येतं, पाऊस थांबल्यावरही तास-दोन तास येत राहतं, आणि सहसा गंजाचा तांबूस रंग घेऊन येतं. (स्क्रूभोवतीच्या तपकिरी वर्तुळांनी आम्हाला इथेच फसवलं. ती वरच्या पत्र्याच्या गंजाची नव्हती, स्क्रू स्वतः गंजत होते.)

तिसरी परीक्षा अॅल्युमिनियम फॉइलची. हातभर चौकोनी तुकडा पॅनेलवर चारही कडांना टेप लावून पक्का चिकटवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला पाणी असेल तर ते आतल्या हवेतलं. फॉइल सोलून मागची बाजू ओली निघाली तर पॅनेलच्या मागे पाणी आहे. आमच्या फॉइलच्या दोन्ही बाजू ओल्या निघाल्या. मग मन घट्ट करून पॅनेल उघडलं.

आत आम्ही ग्लासवूल, म्हणजे काचेच्या धाग्यांची लोकर, भरलं होतं. स्वस्त, हलकं, दुकानदाराने सुचवलेलं. हातात घेतलं तर ओल्या गोधडीसारखं जड. पिळल्यावर पाणी निघालं. ग्लासवूलमधून हवा आरपार जाते, तिच्याबरोबर वाफही जाते, आणि गार पत्र्याला टेकली की तिथेच पाणी होऊन अडकते. दिवसा छत तापलं की तीच वाफ पुन्हा आत, रात्री पुन्हा पत्र्यावर. गाडीत त्याला वाळायला वाटच नसते. पत्र्याच्या आतल्या बाजूला तीन महिन्यांत गंजाची बारीक पुरळ उठली होती आणि साध्या कमर्शियल प्लायच्या कडा फुगून पदर सुटले होते.

आम्ही काय बदललं

ग्लासवूल सगळं काढलं. पत्रा घासला, गंजरोधक प्रायमर मारला, चार दिवस उन्हात वाळवला. त्याच्या जागी बंद पेशींचा फोम लावला, ज्यातून वाफ जात नाही: नायट्राइल रबराच्या शीट किंवा क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीनच्या, एसीच्या डक्टवर लावतात त्या. एसीची कामं करणाऱ्यांकडे चौकशी केलीत तर दुकानाचा पत्ता मिळेल. हा फोम पत्र्याला पूर्ण चिकटला पाहिजे, मध्ये हवेचा पदर राहता कामा नये, कारण फट राहिली की वाफ तिथे पोचते. चिकटवायला उष्णता सोसणारा एसआर (सिंथेटिक रबराचा) गोंद घ्या. मे महिन्यात पत्रा हात लावू देत नाही इतका तापतो आणि साधा गोंद सोडतो. आणि थर्माकोल वापरायचा मोह झाला तर लक्षात ठेवा, एसआर गोंदाने थर्माकोल विरघळतो. आमच्या दारातली एक अख्खी शीट डोळ्यांदेखत खड्डे पडून गेली.

आडव्या पट्ट्या विसरू नका. पट्ट्यांच्या मधल्या जागेत फोम लावून पट्ट्या उघड्या ठेवल्या तर थेंबांच्या रेषा तशाच राहतात. आम्ही पट्ट्यांवरही पातळ फोम गुंडाळला आणि पॅनेल थेट लोखंडात स्क्रू न मारता आधी लाकडी पट्टी, मग तिच्यावर पॅनेल असं बसवलं. प्लाय या वेळी आयएस 710 छापाचा मरीन, म्हणजे पाण्यात टिकणारा, घेतला. महाग पडला, पण कपाटाच्या तळाला आणि ओट्याला दुसरं काही टिकत नाही.

एवढं करूनही नुसत्या फोमने काम भागत नाही, हे आवर्जून सांगते. फोम पत्र्याला झाकतो, हवेतलं पाणी कमी करत नाही. छत कोरडं राहिलं तर तेच पाणी काचेवर, गादीखाली, कपड्यांत जाऊन बसेल. पाणी बाहेर काढायचा एकच मार्ग, हवा बदलणं.

थंडीत काच उघडी ठेवायला मन तयार होत नाही, आमचंही होत नव्हतं. बाहेर धुकं दिसतंय, ती ओली हवा आत कशाला घ्यायची, असं नवरा म्हणायचा. पण 10 अंशांची पूर्ण भिजलेली हवासुद्धा घनमीटरमागे साडेनऊ ग्रॅमच पाणी घेऊन येते. आत येऊन ती 18 अंशांची झाली की तिची आर्द्रता आपोआप 60 टक्क्यांच्या आसपास उतरते. बाहेर ओली वाटणारी हवा आत आल्यावर कोरडी असते, आणि जाताना आपल्या श्वासाचं पाणी घेऊन जाते.

इंदूरच्या जेल रोडवरून 12 व्होल्टचा, 120 मिलिमीटरचा कॉम्प्युटरचा पंखा आणला आणि मागच्या खिडकीच्या वरच्या भागात लाकडी चौकटीत बसवला, हवा बाहेर फेकणारा. पुढच्या बाजूची काच खाली दोन बोटं उघडी, तिला मच्छरजाळी. पंखा दोन-तीन वॉट खातो, म्हणजे रात्रभरात बॅटरीतून दोन अॅम्पिअर-तासांच्या आसपास. 100 अॅम्पिअर-तासांच्या बॅटरीला ते जाणवतही नाही. तासाला 30 घनमीटर हवा जरी बदलली तरी दोन माणसांचं पाणी निघून जातं. पहाटे चारचा आकडा 91 वरून 66 वर आला. एक जास्तीची रजई घ्यावी लागते, बस.

छताला भोक पाडून मोठा पंखा बसवायचा विचार असेल तर कापण्याआधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे आरसीवरच्या नोंदींशी जुळणार नाही असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. खिडकीतला पंखा काढता-घालता येतो, म्हणून आम्ही तोच ठेवला.

गॅस पेटवताना दार किंवा दोन काचा उघड्या, याला अपवाद नाही. इथे प्रश्न पाण्याचा राहत नाही. बंद गाडीत शेगडी जळली की प्राणवायू कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, ज्याला वास नसतो. ऊब मिळवायला शेगडी किंवा निखारे आत ठेवून कधीही झोपू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असते, गळली तर जमिनीलगत साचते, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी हवी. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या जागेजवळ लावा.

कपाटात ठेवायच्या सिलिका जेलच्या पुड्यांवर पैसे घालू नका. सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा पाणी शोषतं. आमचं रात्रीचं सहाशे ग्रॅम पाणी धरायला जवळजवळ दोन किलो जेल लागलं असतं, तेही रोज तापवून वाळवलेलं. कॅमेऱ्याच्या डब्यात ठीक आहे.

गादीखाली सपाट प्लाय असेल तर तो काढून लाकडी पट्ट्या टाका, मध्ये तीन-चार बोटं जागा सोडून. काळी बुरशी तिथूनच सुरू होते.

आणि मग पाऊस आला

मार्चपासून जूनपर्यंत सगळं कोरडं ठाक होतं. जुलैत पाताळपाणीला गेलो, रात्रभर झोडपलं, आणि सकाळी मागच्या कपाटावर पाणी. या वेळी एकाच जागी, तांबूस. रिकामी ठेवून पाहिली, तरी ओलं. म्हणजे ही खरी गळती.

पाणी टपकतं तिथे ते शिरत नसतं. शिरल्यावर ते पट्टीच्या कडेने, उताराच्या दिशेने वाहत जातं आणि अडलं की पडतं. आमची गाडी नाक वर करून चढावर उभी होती, म्हणून ते मागे आलं. सपाट जागी लावल्यावर तोच थेंब मधोमध पडला. तेव्हा थेंबाच्या वर चढून सिलिकॉन मारण्यात काही अर्थ नाही.

शोधायची रीत ही: एक जण आत टॉर्च घेऊन, पॅनेलचा संशयित भाग उघडून. पत्र्याच्या सांध्यांवर आतून टाल्कम पावडर भुरभुरवायची, म्हणजे पाण्याची पहिली रेघ लगेच दिसते. दुसरा बाहेर बागेच्या नळीने पाणी सोडतो, जोर न लावता, नुसतं वाहतं. सुरुवात नेहमी खालून: आधी खिडकीची रबर पट्टी, मग छताची पन्हाळ, मग पत्र्याचा सांधा, सगळ्यात शेवटी वरचे बोल्ट. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. गाड्या धुण्याचा प्रेशरचा फवारा वापरू नका, तो चांगल्या रबरातूनही पाणी आत ढकलतो. पाऊण तासाने नवरा वरच्या कॅरियरच्या पुढच्या डाव्या पायाशी पोचला आणि तिसऱ्या मिनिटाला पावडरीत बारीक करडी रेघ उतरली. पडणाऱ्या जागेपासून जवळजवळ दोन मीटर लांब.

आधीच्या मालकाने कुठल्याशा गॅरेजमध्ये कॅरियर बसवून घेतला होता. भोकाच्या कडेला रंग नव्हता, खाली पॅकिंग नव्हतं. त्यावर आमचं सिलिकॉन, थरावर थर. वाळलेल्या सिलिकॉनवर दुसरं काहीही धरत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही, आणि व्हिनेगरच्या वासाचं सिलिकॉन उघड्या लोखंडाला गंजवतं. आमच्या थरांखाली भोक रुंदावत चाललं होतं.

सगळं प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढायला दोन दिवस गेले. हा भाग कंटाळवाणा आहे आणि तोच महत्त्वाचा आहे. पत्रा बोटाला तुळतुळीत लागेपर्यंत थांबू नका. मग गंज घासून चकचकीत लोखंड, प्रायमर, रंग, वाळवण. पायाखाली ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी), बोल्टला रबरी वायसर, आणि कडेने पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, गाड्यांच्या बॉडीला मारतात ते. ब्युटाइल दाबाने पसरतं, म्हणून दोन दिवसांनी बोल्ट पुन्हा एकदा आवळा. बाकीच्या तीन पायांनाही तेच केलं, ते गळत नसले तरी.

सील करण्याच्या उत्साहात एक चूक टाळा. दाराच्या आणि बॉडीच्या खालच्या कडेला छोटी भोकं दिसतील. ती पाणी बाहेर जाण्यासाठीच ठेवलेली असतात. ती बुजवली तर दारात पाणी साचून पत्रा आतून सडतो. आम्ही मागच्या दाराची तीन बुजवली होती. तारेने मोकळी केली तेव्हा वाटीभर गढूळ पाणी निघालं.

त्यानंतरचा सबंध पावसाळा आणि एक हिवाळा कोरडा गेला. पुढची काच मात्र फार थंडीच्या रात्री अजून आतून ओली होते, कारण तिला फोम लावता येत नाही. रात्री तिला रजईच्या कापडाचा मापाचा पडदा लावतो, तरी कडेने थोडं पाणी धरतंच. सकाळी ते सुती पंचाने पुसायचं आणि पंचा बाहेर पिळून बाहेरच वाळत घालायचा, आरशाला बांधून. आत दोरीवर टाकला तर तेच पाणी दुपारपर्यंत परत हवेत येतं.